तळं भरलं, हात धजला नाही: १८ बिघे सोयाबीनच्या नोंदी, खरीप २०२३

जागा इंदूरहून देपालपूरकडे जाताना हातोदच्या पुढे. १८ बिघे काळी जमीन. आमच्याकडे पाच बिघ्यांचा एक हेक्टर धरतात. मी राहते इंदूरच्या रामबागेत, त्यामुळे शेतावर आठवड्यातून तीनदाच जाणं होतं, तेही सकाळच्या पोह्यांवर पाणी सोडून. जमीन बटाईने पटेलकाका करतात. ते मला ताई म्हणतात आणि शेवटी स्वतःच्या मनाचंच करतात. निम्म्या वेळा तेच बरोबर निघतं.

अण्णा गेल्यापासूनचा हा माझा चौथा खरीप. बोअर फेब्रुवारीतच आटतं, म्हणून यंदा दोन कामं काढली आहेत: एक शेततळं आणि बीबीएफने पेरणी, म्हणजे रुंद गादीवाफ्यावर पीक आणि मधे पाणी जायला सरी. हेच कुणाला करायचं असेल तर माझे पैसे आणि दिवस कुठे गेले ते कळावं, म्हणून तारखेवार लिहून ठेवते आहे.

२६ एप्रिल

काकांना घेऊन देवास जिल्ह्यात टोंकखुर्दच्या बाजूची तळी बघून आले. १९९० मध्ये देवासला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते आमच्या पिढीला आठवतं. त्याच जिल्ह्यात २००६ मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांच्या मागे लागून शेतातच तळी खणवली. ती 'रेवा सागर' या नावाने ओळखली जातात.

वहीत तीन गोष्टी टिपल्या: पाणी आत येतं तिथे गाळाचा खड्डा, जास्तीचं पाणी बाहेर जायला दगडी सांडवा, आणि मातीचा ढीग उताराच्या खालच्या अंगाला. यातली पहिली केली. बाकी दोन्ही विसरले. पुढे येईलच.

माप ठरलं: वर ६६ × ५० फूट, खोली १० फूट, बाजूचा उतार एकास एक. हिशेबाने साधारण ६ लाख ४० हजार लिटर. एका बिघ्याला ४० मिलिमीटरची एक पाळी द्यायची तर ८० हजार लिटर लागतं. म्हणजे काठोकाठ भरलेलं तळंही जेमतेम आठ बिघ्यांना पुरतं. मला कुणीतरी सांगितलं होतं की एवढ्यात १८ बिघे निघतील. त्या माणसाने गुणाकार केलेला नव्हता, आणि त्या दिवशी मीही केला नाही.

८ ते ११ मे

जेसीबी १,१०० रुपये तासाने. अंदाज २२ तासांचा होता, लागले ३१. साडेसात फुटांवर एका कोपऱ्यात पिवळा मुरूम लागला आणि बकेट नुसती खरडायला लागली. बिल ३४,१००. माती पसरायला ट्रॅक्टर-ट्रॉलीचे ११,५०० वेगळे.

चूक १: मी दुपारी घरी परतल्यावर चालकाने सोयीचं म्हणून मातीचा ढीग वरच्या अंगाला घातला. नेमका त्याच बाजूने पाणी आत यायचं होतं. ढिगातून वाट फोडायला आणखी तीन तास गेले. ते ३१ मध्येच आहेत. खणताना मालकाने शेतावर बसून राहावं. जेवायलाही जाऊ नये.

चूक २: पाणी गळू नये म्हणून मुरुमाच्या कोपऱ्यावर काळ्या मातीचा आठ इंचांचा थर दिला आणि वरून ट्रॅक्टर फिरवला. मे महिन्यात ती माती खडखडीत कोरडी. कोरडी काळी माती दबतच नाही, तिचे फक्त बारीक ढेकळे होतात. काका म्हणाले, "याला पाणी मारून तुडवायला हवं." टँकरचे १,२०० वाचवायला मी म्हटलं, पावसात आपोआप बसेल.

४ जून

बियाण्याची उगवण तपासली. ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते. जेएस २०-६९ या वाणाचे ८१ उगवले. जेएस ९५-६० घरचं होतं, त्याचे ५८. ७० च्या खाली पेरू नये असं खंडवा रोडवरची सोयाबीन संशोधन संस्था दरवर्षी सांगते. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही: गोण्या एकावर एक सात रचलेल्या आणि वर छताचा पत्रा. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक. ओझं आणि उष्मा दोन्ही त्याला बाधतात.

नवीन बियाणं घ्यायचं नव्हतं, म्हणून प्रमाण वाढवलं: बिघ्याला १६ किलोऐवजी १९. अण्णा हयातभर जेएस ३३५ च पेरत आले. ९५-६० लवकर येतं म्हणून मीच आणलं. लवकर येणारं वाण दुष्काळातून निसटतं असं वाचलं होतं. यंदा ते निसटलं नाही.

२४ ते २८ जून

पर्जन्यमापक स्वतःचा, पत्र्याचा, १५० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेला. २४ ला ३८, २५ ला २२, २६ ला सकाळी ९. एकूण ६९. पेरणीआधी १०० मिलिमीटर व्हायला हवा. पण २६ ला सकाळपासून चारही बाजूंना ट्रॅक्टर, आणि काकांना धीर धरवेना. फोनवर माझं "थांबा" संपायच्या आत वरच्या वावरात, सहा बिघ्यांत, ९५-६० पडलंही होतं. साध्या पेरणीयंत्राने, सपाट. पुढे दोन दिवसांत आणखी ४३ पडला आणि उगवण चांगली झाली. नियम मोडला आणि काही बिघडलं नाही, हेही लिहायला हवं. काकांनी ते मला अजून चार वेळा ऐकवलं आहे.

बीजप्रक्रियेत मात्र नुकसान केलं. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी, पेरायच्या तोंडावर, सावलीत रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे उपयोगी जिवाणू), असा क्रम आहे. वरच्या वावराच्या घाईत तिन्ही एकाच घमेल्यात कालवलं गेलं. पस्तिसाव्या दिवशी रोपं उपटून मुळं पाहिली तर वरच्या वावरात गाठी मोजून पाच-सहा. मधल्या वावरात मुळाला नुसता लगडा, आणि गाठ फोडली की आत गुलाबी. जिवाणूला औषधाने मारून वर त्याचे पैसे दिले.

२९ जून ते ३ जुलै

बीबीएफ यंत्र भाड्याने मिळालं, चार ओळींमागे एक सरी. मधलं वावर (सात बिघे, २०-६९) २ जुलैला झालं, नाल्याकडचं (पाच बिघे, ९५-६०) ३ ला. चालकाला पहिले दोन तास सरळ सरी जमेना. मधल्या वावराच्या उत्तर कडेला सऱ्या अजून नागमोडी आहेत, तिथे डोरा (बैलांचं कोळपं) चालवताना बैल वैतागतात.

२९ ला तळ्यात पाच फूट पाणी आलं. गावातली पोरं बघायला जमली, मी फोटो काढून घरी पाठवले. ३० ला चार इंच कमी. १ जुलैला आणखी चार. मुरुमाच्या कोपऱ्यातून पाणी शेजारच्या नाल्यात निघालं होतं आणि तिथे खरंच एक छोटा झरा वाहत होता.

दुरुस्ती: इंजिन लावून उरलेलं पाणी उपसलं (होय, पावसाळ्यात, स्वतःच्या तळ्यातून). ढिगातली काळी माती सहा ट्रॉल्या आत टाकली, ती ओलीच होती. काकांच्या चार म्हशी दिवसभर त्या चिखलात फिरवल्या. म्हशींना आनंद, आणि चिखल असा घट्ट बसला की फावडं रुतेना. त्यानंतरच्या भरावात गळती दिवसाला इंचभराच्या आत आली. जे मे महिन्यात टँकरच्या १,२०० रुपयांत झालं असतं, त्याला ५,००० आणि पाच फूट पाणी लागलं.

१२ जुलै

दुपारी विजा. शेतावर नऊ बायका निंदायला होत्या आणि सगळ्या बांधावरच्या आंब्याखाली जाऊन बसल्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं विजांचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप माझ्या फोनमध्ये होतं, पण फोन गाडीत. आता ठरलं आहे: गडगडाट ऐकू आला की काम बंद, खुरपी खाली, सगळ्यांनी काकांच्या पक्क्या खोलीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. त्या अर्ध्या तासाची मजुरी कापायची नाही. हे आधीच सांगितलं नाही तर कुणी खोलीत थांबत नाही.

२५ जुलै

ही नोंद लिहायला दोन दिवस लागले.

पिकावर चक्र भुंगा आला. देठावर दोन गोल कापे आणि त्याच्या वरचं पान मान टाकलेलं. प्रोफेनोफॉस आणलं. फवारायला काकांचा नातू, वय १९. मी दुपारी साडेबाराला पोहोचले तेव्हा तो अर्धा झाला होता: बनियन, दुमडलेली पँट, अनवाणी. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळत होता, पाठ भिजलेली. वारा समोरून. मी त्याला थांब म्हणायला हवं होतं. "हे वावर होऊ दे, मग चहा घे," असं म्हणाले.

दीडला तो बांधावर बसला. डोकं दुखतंय म्हणाला, मग उलटी, मग भरभर घाम आणि तोंडाला लाळ. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. काकांना वाटलं ऊन लागलं, ते कांदा आणायला धावले. माझ्या डोक्यात २०१७ चं यवतमाळ आलं, फवारणीने दगावलेली माणसं. त्याचे कपडे तिथेच काढले, साबणाने अंग धुतलं, पाठ दोनदा. दूध, मीठ-पाणी काही पाजू दिलं नाही. औषधाची बाटली पिशवीत घातली आणि गाडी काढली. डॉक्टरांनी आधी बाटलीच मागितली. त्यावरचं नाव वाचून लगेच इंजेक्शन सुरू केलं. दोन रात्री ठेवून सोडला. तो बरा आहे. खर्च १४,३००, मी दिला. तो पिकाच्या हिशेबात घेतलेला नाही.

बदललेलं: गळका पंप फेकला, दुरुस्त केला नाही. नवा २,६००. रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, मास्क आणि चष्मा, दोन जोड. फवारणी सकाळी सात ते दहा, वारा पाठीमागून. माप कपाचं, झाकणाचं नाही. फवारणारा तंबाखू खात असेल तर त्याला त्या दिवशी दुसरं काम. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग सगळ्यांना दाखवला: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. काकांनी तीस वर्षं फवारलं आहे, त्या त्रिकोणाकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. दुकानदाराने कधी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं.

३० जुलै

तळ्यात साडेआठ फूट. मोजायला खुणा केलेला बांबू रोवला आहे. पाच लाख लिटर.

सकाळी शेजारचं कुत्रं तळ्यात पडलं आणि वर येईना, ओल्या काळ्या उतारावर पंजे ठरत नव्हते. काकांनी दोरी टाकून काढलं. कुत्र्याच्या जागी निंदणाऱ्या बायकांचं एखादं मूल असतं तर? दुसऱ्याच दिवशी चारी बाजूंनी जाळी (७,४०० रुपये), आणि दोन कोपऱ्यांत जुने टायर दोरीला बांधून पाण्यात सोडले. ही जाळी मे महिन्याच्या खर्चात धरा.

८ ऑगस्ट

पाऊस थांबून सहा दिवस झाले. वरच्या वावरातलं ९५-६० फुलातून शेंगेत येतंय. आकाश निळं, वारा पश्चिमेचा. डोरा फिरवला. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं अण्णा म्हणत. वरची माती भुसभुशीत राहिली की खालची ओल टिकते आणि भेगा पडत नाहीत.

काका म्हणाले, इंजिन लावू. मी म्हटलं, अधिक श्रावण चालू आहे, निज श्रावण लागला की पडेल. पंचांगावर शेती करायची नाही असं दुसऱ्यांना सांगणारी मी.

१३ ऑगस्ट

पोटॅशियम नायट्रेट एक टक्का फवारलं, १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. पानांतून पाणी कमी उडावं म्हणून ही शिफारस आहे. उपयोग झाला का? सांगता येत नाही, कारण न फवारलेली एकही पट्टी सोडली नाही. पुढच्या वेळी प्रत्येक वावरात चार ओळी कोऱ्या.

१८ ऑगस्ट

वरच्या वावरात बोट जाईल एवढ्या भेगा. दुपारी पानं उलटी होऊन पांढरी दिसतात. फुलं गळून जमिनीवर.

तळं भरलेलं, आणि मी रोज काठावर उभी राहून बांबू बघते. वापरलं आणि पुढे आणखी गरज पडली तर? सप्टेंबरात दाणे भरताना पाणी नसलं तर? काका रोज विचारतात, मी रोज उद्या म्हणते. आई घरून फोनवर म्हणाली, "अगं, लोणच्याची बरणी आहे का ती, जपून ठेवायला?"

२२ ऑगस्ट

इंजिन लावलं. कोरड्याचा विसावा दिवस. बांबूवर सात फूट तीन इंच. ८ तारखेपासून पंधरा इंच पाणी मी हातही न लावता गेलं, काही उन्हाने, काही जमिनीत. मोजलं तर एक लाख लिटर. म्हणजे सव्वा बिघ्याची पूर्ण पाळी मी नुसती बघत बसून घालवली. तळं म्हणजे टाकी नव्हे; त्यात ठेवलेलं रोज थोडं थोडं जातंच.

पहिली पाळी वरच्या वावराला, कारण ते सगळ्यात वाईट दिसत होतं. स्प्रिंकलर दुसऱ्या दिवशी मिळणार होते, म्हणून पाइप टाकून मोकळं पाणी सोडलं. साडेतीन तास, ७० हजार लिटर. पाणी भेगांत शिरलं आणि नाहीसं झालं. ओल अर्ध्या बिघ्यालाही पोहोचली नाही. भेगा पडल्यावर काळ्या जमिनीला मोकळं पाणी देणं म्हणजे गोणीला भोक पाडून धान्य भरणं. सोयाबीन संस्थेच्या सल्ल्यातही हेच असतं, भेगा पडायच्या आधी पाणी द्या. सल्ला माझ्या फोनमध्ये होता. न उघडलेला.

२३ ते २५ ऑगस्ट

बारा नोझलचे स्प्रिंकलर, दिवसाला ६०० रुपये भाड्याने. नोझलमधलं अंतर १२ मीटर, तासाला सगळे मिळून २० हजार लिटर. साडेतीन तासांत ४० मिलिमीटर, आणि एका वेळी बिघ्याला थोडं कमी भिजतं. रात्री आणि पहाटे चालवले. दुपारी चालवले तर निम्मं वाऱ्यावर जातं.

आता कुठे द्यायचं यावर काका आणि मी पहिल्यांदा खरं भांडलो. त्यांचं म्हणणं वरच्या वावराला द्या, तिथे पीक मरतंय. माझं म्हणणं मधल्याला: २०-६९ उशिरा पेरलेलं, आत्ता शेंगा धरतंय, पाण्याचा मोबदला तिथे मिळेल. मरणाऱ्याला सोडून धडधाकटाला पाणी पाजायचं, हे बोलायला सोपं आणि करायला वाईट वाटतं. शेवटी मधलंच. चार पाळ्या झाल्या, साडेतीन बिघे. मग फुटव्हॉल्व्हने (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गाळ ओढायला सुरुवात केली. तळ्यातलं शेवटचं दीड फूट वापरता येत नाही, हे क्षमतेच्या हिशेबातून आधीच वजा करा.

मधल्या वावराचा उरलेला अर्धा भाग कोरडाच राहिला. तुलनेला पट्टी मिळाली, माझ्या हुशारीने नव्हे.

१ सप्टेंबर

हवामान खात्याने सांगितलं, १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हे आम्हाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

१४ ते १७ सप्टेंबर

१४ ला पोळा. बैलांना पुरणपोळी झाली. १५ च्या संध्याकाळी सुरू झालेला पाऊस १६ ला दिवसभर. शहरात रस्त्यांना नद्यांचं रूप, आणि माझा पर्जन्यमापक ओसंडून वाहिलेला. त्याची खूण १५० पर्यंतच, त्यामुळे किती पडला ते मला कळणार नाही. वीस रुपये जास्त देऊन २०० ची घ्यायला हवी होती.

१७ ला पोहोचले. तळं काठोकाठ भरून एका बाजूने फुटलेलं. सांडवा नव्हता ना! पाण्याने स्वतःची वाट केली आणि बांधाची सात-आठ फूट माती घेऊन नाल्याकडच्या वावरात ओतली. सव्वीस एप्रिलच्या वहीत सांडवा लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात.

बीबीएफचे पैसे मात्र त्या एका रात्रीत वसूल झाले. मधल्या आणि नाल्याकडच्या वावरातल्या सऱ्यांनी पाणी ओढून नेलं, गादीवर पीक उभं. वरच्या सपाट वावरात दोन दिवस घोट्याएवढं पाणी. तिथलं ९५-६० पिकून पिवळं झालेलं, आठवड्यात कापायचं होतं. उन्हाळ्यासारखा ऑगस्ट सोसलेल्या चपट्या शेंगांना आता पाण्यातच कोंब फुटायला लागले. लवकर येणारं वाण दोन्हीकडून सापडलं.

विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवलं, फोटो पाठवले. १९ ला गणपती बसले, त्या गडबडीतही दोनदा फोन केला. पाहणीला कुणी आलं नाही. ऑगस्टच्या दुष्काळाची भरपाई पूर्ण हलक्याच्या (पटवाऱ्याच्या हद्दीच्या) सरासरी उत्पादनावर ठरते, त्यात माझ्या एकटीच्या फोटोंचा उपयोग नाही. हे पॉलिसीत आधी वाचून ठेवा.

२८ सप्टेंबर

वरचं वावर काढलं. रात्री इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ), त्यामुळे मजूर दुपारीच पसार. थ्रेशर भाड्याचा. त्याच्या तोंडाला पत्र्याची पन्हळच नव्हती, पेंढी थेट दातांपर्यंत हाताने ढकलायची. १९८३ पासून थ्रेशरसाठी धोकादायक यंत्रांचा कायदा आहे. सुरक्षित पन्हळ ९० सेंटिमीटर लांब, त्यातली निम्मी वरून झाकलेली असावी लागते. मालकाला म्हटलं तर हसला: "एवढ्या वर्षांत काही झालं नाही." नातवाची जुलैची ती पाठ आठवली. यंत्र परत पाठवलं. दोन दिवस गेले आणि दुसऱ्याला बिघ्यामागे ५० रुपये जास्त पडले. सुडी ताडपत्रीखाली राहिली, सुदैवाने पाऊस आला नाही. ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टवर कव्हर आहे का तेही आधी बघावं, ओढणी आणि सैल बाह्या बांधून घ्याव्यात.

७ ते १० ऑक्टोबर

मधलं आणि नाल्याकडचं वावर. पितृपक्षात काही बायकांनी यायला नकार दिला, तीन दिवस वाढले. बिघ्यामागे उतारा:

वरचं, सपाट, ९५-६०: १.६ क्विंटल.
नाल्याकडचं, बीबीएफ, ९५-६०: २.३ क्विंटल. बांध फुटून गाडला गेलेला तुकडा यातच धरला आहे.
मधलं, बीबीएफ, २०-६९, पाणी न दिलेलं: ३.२ क्विंटल.
मधलं, पाणी दिलेलं साडेतीन बिघे: ४.१ क्विंटल.

काकांनी शेवटचा आकडा वहीत दोनदा लिहून घेतला. मग म्हणाले, "आठ तारखेला लावलं असतं तर आणखी दोन बिघे भिजले असते ना, ताई?" भिजले असते.

१७ ऑक्टोबर

छावनी मंडी. ९५-६० डागी, ओल जास्त, ३,९०० ने गेलं, २१ क्विंटल. २०-६९ ४,४५० ने, साडेपंचवीस क्विंटल. यंदाचा हमीभाव ४,६०० आहे. लिलावात तो आकडा कुणी उच्चारला नाही. एकूण १,९५,३७५, त्यातला निम्मा काकांचा.

तळ्याचा खर्च माझा एकटीचा: जेसीबी ३४,१००, ट्रॉली ११,५००, म्हशींचा दिवस आणि माती ५,०००, जाळी ७,४००. ५८,०००. पाण्याने वाढलेलं पीक साडेतीन बिघ्यांत ३.१५ क्विंटल, म्हणजे चौदा हजार. त्यातून स्प्रिंकलर आणि डिझेलचे साधारण चार हजार वजा.

५ नोव्हेंबर

सांडवा बांधला, दगडी, ६,८०० रुपये. बांध ओला करून तुडवला, म्हशी पुन्हा खूश. तळ्यात सहा फूट पाणी आहे, त्यावर चार बिघे हरभरा होईल.

बांबूच्या शेजारी एक पत्रा ठोकला आणि त्यावर रंगाने लिहिलं: पाऊस थांबल्याचा आठवा दिवस, मधलं वावर, पहिली पाळी, कुणाला विचारायचं नाही. इंजिनाची चावी इतके दिवस माझ्या पर्समध्ये असायची. ती काकांना दिली. त्यांनी ती जानव्याला बांधली.